पावसाळी तापातली वेगळी केस: पहिल्या बाटलीपासून छापील लेखापर्यंत

जून ते ऑक्टोबर मुंबईच्या मेडिसिन वॉर्डात ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या की केसपेपरवर ‘व्हायरल’ असं लिहिलं जातं आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, डॉक्सीसायक्लिन सुरू होतं. आठवड्यात ताप उतरला नाही तर टीबीचं नाव निघतं. वेगळी केस हरवते ती याच वाटेवर. महिनाभराने निदान लागतं तेव्हा ‘दुर्मीळ केस, लिहायला हवी’ असं युनिटमध्ये ठरतं. पण तोवर प्रतिजैविकाआधीचं कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून पाहणं) घेतलेलं नसतं, जंतूची प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात) गेलेली असते आणि रुग्ण गावी पोचलेला असतो. मग लिहिण्याजोगं हाती काहीच उरत नाही.

हा लेख निवासी डॉक्टर आणि मायक्रोबायोलॉजीत काम करणाऱ्यांसाठी आहे. त्यातले डोस वाचून कुणी स्वतःवर उपचार करू नयेत. सबंध लेखात उदाहरण एकच घेतलं आहे, मेलिऑइडोसिस. बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय हा त्याचा जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पावसाळ्यात माणसाला गाठतो, मधुमेह्याला जास्त. फुप्फुसात तो टीबीसारखा दिसतो आणि लॅबमध्ये स्यूडोमोनास या नेहमीच्या जंतूच्या नावाखाली खपून जातो. आषाढात भातलावणीला कोकणात जाऊन परळ-लालबागला परतणारी माणसं ज्या शहरात आहेत, तिथे हा आजार ‘आपल्याकडे नसतो’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

पहिला तास: रक्त आधी, अँटिबायोटिक नंतर

ब्लड कल्चरचे दोन सेट घ्यायचे, दोन वेगवेगळ्या शिरांतून. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. प्रत्यक्षात बहुतेक बाटल्यांत ३ मिली जातं, आणि कल्चर निगेटिव्ह येण्याचं सर्वांत साधं कारण हेच असतं. रक्तात जंतू मिलीमागे एखाददुसराच असतो. कमी रक्त घेतलं तर तो बाटलीत येतच नाही. बाटल्यांचा तुटवडा असेल तर एका एरोबिक बाटलीत पूर्ण १० मिली भरणं हे दोन बाटल्यांत थोडं थोडं भरण्यापेक्षा बरं.

क्रम असा: बाटलीचं झाकण काढलं की खालचं रबर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. त्वचेला २ टक्के क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावा आणि किमान ३० सेकंद वाळू द्या. वाळल्यावर शिरेला पुन्हा बोट लावायचं नाही. आधीच घातलेल्या कॅन्युलातून रक्त काढू नका, त्यात त्वचेवरचे स्टॅफ येतात आणि मग खरा जंतूही ‘कंटॅमिनेशन’ म्हणून बाजूला पडतो. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. रात्री लॅब बंद असेल तर त्या खोलीच्या तापमानाला राहू द्या. थंडी वाजून ताप चढण्याची वाट पाहू नका. रुग्ण शॉकमध्ये असेल तर कल्चरसाठी अँटिबायोटिक तासाभरापलीकडे अडवू नका. बाटल्या भरायला पाच मिनिटं पुरतात.

त्याच सुईतून ५ मिली रक्त साध्या ट्यूबमध्ये काढा, सिरम वेगळं करा, त्यावर तारीख आणि आजाराचा कितवा दिवस ते लिहा आणि उणे २० अंशाला ठेवून द्या. त्या दिवशी त्याचा काहीच उपयोग दिसत नाही. १० ते १४ दिवसांनी दुसरं सिरम घेतल्यावर मात्र दोन्ही शेजारी ठेवून तपासता येतात, आणि टायटर (प्रतिपिंडांची पातळी) चौपट वाढलं तर लेप्टो किंवा स्क्रब टायफसचं निदान ठामपणे मांडता येतं. एकट्या रॅपिड कार्डावरच्या आयजीएम प्रतिपिंडावर केस रिपोर्ट उभा राहत नाही. लेप्टोचं आयजीएम महिनोन् महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. गेल्या पावसाळ्यातली खूण या पावसाळ्यातल्या तापाला चिकटवली जाते.

दिवसाचं भान बाकी तपासण्यांतही ठेवावं लागतं. डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम त्यानंतर. लेप्टोचं पीसीआर पहिल्या आठवड्यात रक्तावर, नंतर लघवीवर. मलेरियाचा पहिला स्मिअर निगेटिव्ह आला म्हणून मलेरिया निकालात निघत नाही. १२ ते २४ तासांच्या अंतराने तीनदा पाहा.

पू आणि तुकडा कशात पाठवायचा

या एका चुकीने जितक्या केसेस जातात तितक्या दुसऱ्या कशाने जात नसतील. सर्जन गाठ काढतात, सिस्टर सवयीने ती फॉर्मेलिनच्या डबीत टाकतात, आणि कल्चरचा प्रश्नच मिटतो, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच थिएटरमध्ये दोन डब्या देऊन ठेवा. एकीत फॉर्मेलिन, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी. दुसरीत निर्जंतुक सलाइन, तुकडा ओला राहील इतकंच, कल्चरसाठी. दोन्हींवर मोठ्या अक्षरात नाव घाला. पू असेल तर तो स्वॉबवर न घेता सिरिंजने ओढून निर्जंतुक डबीत पाठवा.

काही नमुन्यांचे स्वतःचे हट्ट असतात. म्युकर या बुरशीची शंका असेल तर लॅबला तुकडा कुटू नका, बारीक कापा असं सांगा. या बुरशीच्या तंतूंना आडव्या भिंती जवळपास नसतात. कुटले की ते मरतात आणि केओएच लावून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसूनही कल्चर कोरं येतं. नेग्लेरिया या अमीबाची शंका असलेलं मेंदूपाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. मासळी साफ करणाऱ्या बाईच्या बोटावर महिनोन् महिने न भरणारी गाठ असेल तर मायकोबॅक्टेरियम मरायनमसाठी एक स्लोप (कल्चरची तिरकी नळी) ३० अंशाला लावायला सांगा, कारण ३७ अंशाला तो नीट वाढत नाही. ब्रुसेला जंतूची शंका असेल तर लॅबला आधी कळवणं बंधनकारक समजा. उघड्या टेबलावर हाताळलेल्या ब्रुसेलाने लॅबमधली माणसं आजारी पडतात.

मेलिऑइडोसिससाठी रक्त आणि पू यांच्याबरोबर घशाचा स्वॉब, गुदद्वाराचा स्वॉब आणि लघवीचा सेंट्रिफ्यूज केलेला गाळ हेही लावा. रक्त निगेटिव्ह असून घशातून जंतू मिळाला असं होतं, आणि या जंतूला शरीरावर निरुपद्रवी पाहुणा मानत नाहीत. कुठूनही मिळाला तरी तो आजारच. पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी प्रत्येकाची करा. यकृत आणि प्लीहेतले मधाच्या पोळ्यासारखे गळू शोधा, आणि पुरुषांत प्रोस्टेट पाहायला विसरू नका. त्याची तक्रार रुग्ण आपण होऊन सांगत नाही.

विचारायचं काय

केसपेपरवर ‘नो सिग्निफिकंट हिस्टरी’ लिहिलेलं असतं, कारण प्रश्नच ‘कुठे प्रवास केला का?’ असा विचारलेला असतो. गावी जाणं हा मुंबईकराच्या लेखी प्रवास नसतो. ‘काका, यंदा लावणीला गेला होतात का? चिखलात अनवाणी उतरलात का? तेव्हा पायाला काही लागलं होतं का?’ असं विचारा. ‘मावशी, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, की मधेच सोडल्या?’ असंही विचारा. मेलिऑइडोसिसच्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्त रुग्णांत मधुमेह असतो, आणि कित्येकदा तो याच आजारपणात पहिल्यांदा कळतो. म्हणून साखरेची एचबीए१सी तपासणी करूनच घ्या. लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ साधारण १ ते २१ दिवस, पण जंतू वर्षानुवर्षं दबून राहून नंतर उठतो असंही घडतं. त्यामुळे पाच वर्षांमागचं शेतकामही नोंदवा.

काम, पाणी, प्राणी, दूध आणि सुया ही पाच खाती प्रत्येकाकडे उघडायची. तबेल्यात काम आहे का, कच्चं दूध पिता का, साचलेल्या पाण्यातून कामाला जाता का, घरात उंदीर आहेत का, कुठे इंजेक्शन किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन झालं का. शेवटचा प्रश्न कशाला, असं वाटेल. पोटाच्या दुर्बीण-ऑपरेशनच्या छिद्रांवर तीन-चार आठवड्यांनी येणाऱ्या गाठी बऱ्याचदा नॉनट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरियाच्या (टीबीच्या जंतूच्या नातेवाइकांच्या) असतात. उपकरणं नीट निर्जंतुक न होणं आणि ती नळाच्या पाण्याने धुणं ही त्याची नेहमीची कारणं. उत्तर नकारार्थी असलं तरी तारखेसह लिहून ठेवा. रिपोर्ट लिहिताना नकारही पुरावा म्हणून लागतो.

लॅबमध्ये जाऊन उभं राहा

कल्चर मागणीच्या कागदावर ‘पायरेक्सिया’ (ताप) एवढंच लिहिलं तर लॅब नेहमीच्याच वाटेने जाते. ‘मधुमेही, कोकणातून परतलेला, प्लीहेत गळू, मेलिऑइडोसिसची शंका’ असं लिहा आणि फोनही करा. त्यामागे दोन कारणं आहेत. एक, त्या प्लेट ४८ तासांनी टाकून न देता राखल्या जातात. दुसरं, तिथल्या माणसांची सुरक्षा: हा जंतू बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये हाताळायचा आणि प्लेटचा वास कधीही घ्यायचा नाही. मातीसारखा वास येतो म्हणून प्लेट नाकाशी नेण्याची जुन्या टेक्निशियनांची सवय असते. ती इथे महागात पडते.

ओळख पटवायची ती अशी. ग्रॅम स्टेनमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह काडी, दोन्ही टोकं गडद आणि मध्ये फिकी, बंद सेफ्टीपिनसारखी. हे दिसलं तर संशय वाढवा. नाही दिसलं तर सोडू नका. ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह. ब्लड अ‍ॅगारवर पहिल्या दिवशी कॉलनी गुळगुळीत आणि बिनमहत्त्वाची दिसते. तिसऱ्या दिवसापासून कोरडी होऊन सुरकुतते. म्हणूनच दोन दिवसांत प्लेट फेकणाऱ्या लॅबला हा जंतू बऱ्याचदा सापडत नाही.

त्यानंतर औषधाच्या तीन डिस्क (चकत्या) लावायच्या: जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम, कोलिस्टिन १० मायक्रोग्रॅम आणि को-अ‍ॅमॉक्सिक्लाव २०/१० मायक्रोग्रॅम. पहिल्या दोन रेझिस्टंट (औषधाला जंतू दबत नाही) आणि तिसरी सेन्सिटिव्ह (दबतो), असं चित्र आलं तर दुसरं सिद्ध होईपर्यंत तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय समजा. साधा स्यूडोमोनास एरुजिनोसा याच्या बरोबर उलटा वागतो. मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला दबणारे प्रकार सापडले आहेत, पण आपल्याकडे रोजच्या कामात हा ठोकताळा चालतो.

घसा, थुंकी, स्वॉब अशा मिश्र जंतूंच्या नमुन्यांना हा जंतू निवडून वाढवणारं अ‍ॅशडाउन अ‍ॅगार लागतं. तयार मिळालं नाही तर लॅबमध्येच बनवता येतं. त्यात लिटरमागे ग्लिसरॉल ४० मिली, क्रिस्टल व्हायोलेट ५ मिग्रॅ, न्यूट्रल रेड ५० मिग्रॅ आणि जेंटामायसिन ४ मिग्रॅ असतं. जेंटामायसिन ऑटोक्लेव्हनंतर, अ‍ॅगार ५० अंशांच्या आसपास निवल्यावरच घाला. प्लेट ३७ अंशांना सात दिवस ठेवा आणि रोज पाहा.

यंत्रावर डोळे मिटून विश्वास नको. व्हायटेक या जंतू ओळखणाऱ्या यंत्राने हा जंतू कधी कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणून दाखवल्याच्या नोंदी आहेत. माल्डी-टॉफ या तशाच दुसऱ्या यंत्राच्या डेटाबेसमध्ये तो पुरेसा नसेल तर त्याचा निरुपद्रवी भाऊ बर्कहोल्डेरिया थायलंडेन्सिस हे उत्तर येतं. रक्तातून ‘सेपेशिया’ आला आणि रुग्णाला सिस्टिक फायब्रोसिस नाही, वॉर्डात दूषित सलाइनचा उद्रेकही नाही, तर तीन डिस्क लावून पाहा आणि टीटीएस१ पीसीआर या खात्रीच्या जनुक-चाचणीसाठी संदर्भ प्रयोगशाळेत पाठवा. कोट्रायमॉक्सॅझोलच्या डिस्कभोवती धुरकट वाढ दिसते आणि ती वाचणारा घाईत रेझिस्टंट लिहितो. ८० टक्के वाढ थांबली तिथे कडा धरा, आणि रेझिस्टंट वाटलं तर ई-टेस्टने (औषधाची पट्टी लावून) खात्री करा. हा शेरा चुकला तर रुग्णाचं तीन महिन्यांचं औषध बदलतं.

जंतू ओळखला गेला त्याच दिवशी तो १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन व्हायलमध्ये उणे ८० अंशाला ठेवायला सांगा. नियतकालिकाच्या परीक्षकांनी सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं तर हेच कामी येतं.

उपचार, आणि ते नेमके लिहून ठेवणं

मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढात सेफ्टाझिडिम २ ग्रॅम दर सहा तासांनी किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी. मेंदूत आजार असेल तर मेरोपेनेम २ ग्रॅम. शिरेतून किमान १४ दिवस, खोल गळू असतील तर चार आठवडे, मेंदूसाठी आठ. लॅबच्या कागदावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सेन्सिटिव्ह दिसलं तरी त्यावर भरवसा ठेवू नका, या आजारात त्याने मृत्यू जास्त होतात.

सगळ्यांत मोठी चूक पाचव्या-सहाव्या दिवशी होते. ताप उतरत नाही म्हणून युनिट औषध बदलतं. या आजारात ताप जायला साधारण नऊ दिवस लागतात, मोठे गळू असतील तर त्याहून जास्त. रुग्णाची भूक, रक्तदाब आणि सीआरपी (दाहाची रक्तचाचणी) सुधारत असेल तर औषध तेच ठेवा आणि न काढलेला गळू शोधा.

त्यानंतर कोट्रायमॉक्सॅझोल, किमान तीन महिने. ६० किलोच्या वर वजन असेल तर डबल-स्ट्रेंग्थच्या दोन गोळ्या दिवसातून दोनदा, ४० ते ६० किलोमध्ये दीड गोळी दोनदा, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. सुरू करण्याआधी जी६पीडी (रक्तपेशींतलं एक विकर) तपासा. पहिल्या आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दर आठवड्याला पाहा. एन्जिओटेन्सिन अडवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम झपाट्याने चढतं. आजार उलटण्याचं मुख्य कारण ही गोळ्यांची पाळी मधेच सुटणं. रुग्ण गावी जाणार असेल तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या नावे मराठीत चिठ्ठी द्या: औषध, शेवटची तारीख, आणि कोणत्या लक्षणांवर परत पाठवायचं.

टीबीची औषधं आधीच सुरू झाली असतील तर केव्हा, कोणत्या पुराव्यावर आणि केव्हा बंद केली, हे लपवू नका. वाचणाऱ्याला सर्वांत उपयोगी भाग तोच असतो. टीबीचा निकाल लागेपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिन देणं टाळा, त्याने टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं.

संमती डिस्चार्जच्या आधी

उपचाराची संमती म्हणजे प्रसिद्धीची संमती नव्हे. प्रसिद्धीचा वेगळा फॉर्म रुग्णाच्या भाषेत हवा. त्यात हे सांगितलेलं असावं: नाव येणार नाही, पण ओळख पटण्याची शक्यता पूर्ण टळत नाही. लेख इंटरनेटवर कायम राहील. छापून येईपर्यंत संमती मागे घेता येते, नंतर नाही. नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवा. रुग्ण दगावला असेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती घ्या, पण त्याच दिवशी नको. बऱ्याच नियतकालिकांचा स्वतःचा फॉर्म असतो; तोही आताच भरून घ्या, नंतर गावात फोनला रेंज नसते. संस्थेच्या एथिक्स कमिटीला एका केसबद्दल काय लागतं ते विचारून पत्र घेऊन ठेवा, नियम जागोजागी वेगळे आहेत.

फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही. एक्स-रे आणि सीटीच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, ते कापा. तारखांऐवजी ‘दिवस १, दिवस ९’ लिहा. ‘अमुक कोळीवाड्यातली ४३ वर्षांची मासेविक्रेती’ असं लिहिलंत तर तो अख्खा कोळीवाडा तिला ओळखतो; ‘चाळिशीतली, मासळी हाताळणारी’ एवढं पुरतं. वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटोही याच नियमात येतो.

‘पहिलीच केस’ म्हणण्याआधी

शोध घेताना जंतूची जुनी नावंही टाका. बर्कहोल्डेरिया हे नाव १९९२ सालचं. त्याआधी हाच जंतू स्यूडोमोनास स्यूडोमॅलिआय होता. नुसतं नवं नाव टाकून शोधलं तर ‘मुंबईतली पहिली केस’ असं लिहून बसाल, आणि भारतातल्या या आजाराच्या सुरुवातीच्या नोंदींतली एक १९९१ साली मुंबईतूनच, बालरुग्णाची, आलेली आहे. ‘पहिली’ या शब्दाचा मोह सोडा. लेखाचं वजन तुम्ही काय दाखवलं यावर ठरतं.

व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९११च्या सुमारास रंगूनमध्ये शवविच्छेदनांतून हा आजार वेगळा काढला आणि १९१२ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये मांडला. जंतू ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या जंतूसारखा दिसत होता. पण हा हलतो आणि भराभर वाढतो, ग्लँडर्सचा तसा नाही, हे त्यांनी दाखवलं. ‘हे काय नाही’ याची सिद्धता हा आजही केस रिपोर्टचा कणा आहे. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली टीबीच्या चार रुग्णांवर एक छोटं पत्र छापलं. ‘टोटली ड्रग-रेझिस्टंट’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं नाही, त्यावर वाद झडले. रुग्ण चारच होते, पण मांडणी औषध-संवेदनशीलतेच्या चाचण्यांवर उभी होती, म्हणून सरकारला दखल घ्यावी लागली.

लिहिताना केस रिपोर्टसाठीची २०१३ सालची ‘केअर’ मार्गदर्शक यादी समोर ठेवा. तिच्यात १३ मुद्दे आहेत. आधी कालरेषा काढा: कोणत्या दिवशी कोणतं लक्षण, कोणता नमुना, कोणतं औषध. ती नीट जमली की निम्मा लेख झाला. लांबी हजार-दीड हजार शब्द. चर्चेत आजाराचा इतिहास पुन्हा सांगू नका. कुठे वळण चुकलं आणि कोणत्या एका निरीक्षणाने निदान लागलं तेवढंच लिहा. केईएमच्या सेठ जीएस मेडिकल कॉलेजातून १९५५पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ किंवा फिजिशियन्स असोसिएशनचं ‘जापी’ यांच्या सूचना आधी वाचा. दोन दिवसांत स्वीकारतो, पैसे भरा, अशी मेल आली तर ती डिलीट करा. लेखकांत लॅबमधल्या माणसाचं नाव असायलाच हवं. ज्याने प्लेट तिसऱ्या दिवसापर्यंत राखली त्याचे नुसते आभार मानणं बरं दिसत नाही.

एका केसवरून अभ्यास

एक केस पक्की झाली की लॅबच्या जुन्या रजिस्टरकडे वळा. गेल्या तीन-पाच वर्षांत ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ म्हणून गेलेल्या, पण जेंटामायसिन आणि कोलिस्टिन रेझिस्टंट, को-अ‍ॅमॉक्सिक्लाव सेन्सिटिव्ह असलेल्या नोंदी बाजूला काढा. साठवलेले जंतू असतील तर पुन्हा तपासा. नसतील तरी केसपेपरवरून मधुमेह, महिना आणि परिणाम काढता येतो. हे संशोधन झालं, त्यामुळे सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. जुन्या नोंदी आणि साठवलेल्या नमुन्यांसाठी प्रत्येकाच्या संमतीतून सूट मागता येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी तरतूद आहे. नावांची यादी आणि अभ्यासाचे क्रमांक वेगवेगळ्या फाइलींत ठेवा, पासवर्ड एकाच माणसाकडे. पुढे औषधांची तुलना करायची झाली तर ती चाचणी ठरते. मग पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंद लागते, मागाहून केलेली चालत नाही.

लेख स्वीकारला गेला की प्रूफ येतं आणि ४८ तासांत परत मागतात. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान आकडे वाचा: मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालंय का, ‘दर आठ तासांनी’चं ‘दिवसातून आठ वेळा’ झालंय का. डोसची ओळ लेखाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही समोर मूळ केसपेपर उघडून बसा.